डाव्या बाजूचा कापूस

१२ जानेवारी

दादास,

वर नमस्कार लिहायला हात उचलत नाही. खरंच उचलत नाही, दोन्ही हात अजून खांद्याच्या वर जात नाहीत. पण जात असते तरी लिहिला नसता. मोठ्या भावाला लिहिताना आधी नमस्कार, मग खुशाली, मग मजकूर, असं आईनं वळण लावलं होतं. आज थेट मजकूर.

दवाखान्याच्या जिन्यात तू यांना काय म्हणालास ते मला परवा कळलं. "दाजी, धडधाकट बाई तुम्ही कापायला दिलीत." यांनी ते इतके दिवस पोटात ठेवलं. मी रोज विचारत होते, दादा पुन्हा फिरकला का नाही? तर म्हणे, दुकानात गर्दी असेल. परवा मी हट्टच धरला, तेव्हा भाजी चिरता चिरता बोलले आणि वर म्हणाले, "जाऊ दे गं, घाबरला असेल तो." बघ. ज्याला तू कसाई ठरवलंस तोच तुझी बाजू घेतो.

कोणी कापायला दिलं ते मी सांगते. मी दिलं. कागदावर सही माझी आहे. हे शेजारी बसले होते आणि डॉक्टरीणबाईंनी पाणी मला नाही, यांना दिलं.

तुला सगळं ठाऊक आहे, पण तू ठाऊक नसल्यासारखा वागतोस, म्हणून एकदा स्वच्छ लिहून टाकते. मागच्या उन्हाळ्यात मावशी छातीच्या कर्करोगानं गेली. जायच्या आधी तिनं माझा हात धरून सांगितलं, "तुझ्या आईचंही हेच होतं गं. डावी बाजू काढली होती तिची." मी सतरा वर्षांची होते आई गेली तेव्हा. मला सांगितलं होतं, पोटाचा विकार. तेच मी जन्मभर सगळ्यांना सांगत आले. तीन वर्षांपूर्वी तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आई कशानं गेली? मी मोठ्या तोंडानं सांगितलं, पोटाच्या विकारानं. त्या म्हणाल्या, मग काळजी नको. तुझ्या खोट्यावर मी तीन वर्षं बिनघोर झोपले.

मावशी गेल्यावर पुन्हा गेले आणि खरं सांगितलं. त्यांनी रक्त तपासलं. आई-मावशीच्या रक्तातला दोष माझ्याही रक्तात निघाला. गाठ नव्हती, पण पुढे होण्याची भीती इतकी होती की त्या म्हणाल्या, "माझी सख्खी बहीण असती तर तिला मी थांबू दिलं नसतं." मी देवाजवळ बसले, भांडले, रडले आणि दोन्ही काढून टाकायचं ठरवलं. आजार दारात यायच्या आधी दार लावून घेतलं, एवढंच. यात कोणाची अब्रू गेली ते तू मला सांग.

आता खुशाली. दोन्ही काखांच्या खाली नळ्या होत्या. नळीच्या टोकाला रबरी फुगा, त्यात लाल पाणी जमायचं. हे सकाळ-संध्याकाळ हात धुऊन बसायचे, फुगा उघडायचे, मापायचे, पुन्हा दाबून बंद करायचे. पाणीखात्यात उभा जन्म गेला माणसाचा. म्हणायचे, "डावी लाइन साफ, उजवीला जरा दाब कमी." पहिल्या दिवशी मला संताप आला. म्हटलं, मी काय तुमची टाकी आहे? तर म्हणाले, "टाकीला मी एवढं घाबरत नाही." काल नळ्या निघाल्या. यांना आता सकाळी काय करावं कळत नाही, मोरीच्या नळाचं वायसर बदलत बसलेत.

आणि ती शपथ. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी, माझ्या हातात सुई टोचलेली असताना, तू खिशातून देवाची तसबीर काढून माझ्या पुढ्यात धरलीस. "आईची शपथ घे. माझ्या खारूचं लग्न होईपर्यंत आईच्या आजाराचं आणि हे रक्तातून येतं याचं तिच्याजवळ चकार शब्द बोलणार नाहीस." मी भ्यालेली होते रे. सकाळी जागी होईन की नाही याची खात्री नव्हती. तसबिरीवर हात ठेवला. तुला वेळ बरोबर साधता आली.

तुझी धाकटी

२१ जानेवारी

दादास,

पार्सल मिळालं.

पोस्टमननं दिलं तेव्हा मला वाटलं, चला, पाझर फुटला. यांनी दोरी सोडली. आत दोन ब्लाउज. एक निळा, एक तपकिरी. कापड उंची. टाका डोळ्यांना दिसेना. शहरातले शिंपी तुझ्यापुढे पाणी भरतील, हे मी रागातही लिहिते.

आत दोन्हीकडे कापूस भरलेला. माझ्या जुन्या मापाचा.

पत्र नाही, चिठ्ठी नाही, "कशी आहेस" नाही. नुसता कापूस. म्हणजे हे घाल आणि लोकांत मिरव, काही झालंच नाही असं दाखव. हे म्हणाले, "प्रेमानं पाठवलं असेल." मी म्हटलं, कात्री द्या. "अगं, हात दुखेल." कात्री द्या! उजव्या हाताला जोर नाही, तरी एकेक टाका उसवला. तासभर लागला असेल. घाम फुटला. हे समोर बसून सुतं गोळा करत होते.

कापूस मी फेकला नाही. माझा स्वभाव तुला माहीत आहे, साबणाचा उरलेला तुकडा नव्या वडीला चिकटवणारी बाई मी. त्याच्या वाती वळल्या. आता रोज संध्याकाळी देवाजवळ तुझा खोटेपणा जळतो. निदान उजेड तरी पडतो त्याचा.

दोन्ही ब्लाउज उसवून परत पाठवते आहे. कापड चांगलं आहे, दुसऱ्या गिऱ्हाइकाला लाव.

उसवता उसवता मला एक आठवलं. आई मला जवळ घ्यायची ती नेहमी उजवीकडे. मी डावीकडून गेले तर खांद्याला धरून वळवायची, "इकडून ये, इकडून." मला वाटायचं, डावीकडे तिची शिवणाची पिशवी असते म्हणून. शेवटचं वर्षभर मी माझ्या आईच्या एकाच बाजूला होते, आणि दुसऱ्या बाजूला तुझा कापूस होता. दोन महिने मावशीकडे "हवापालटाला" गेली ती तिकडे ऑपरेशन करून आली. ब्लाउज तू शिवलास. बावीस वर्षांचा होतास. इतका बेमालूम शिवलास की घरात झोपणाऱ्या पोरीला कळलं नाही.

परवा फोनवर यांना म्हणालास म्हणे, "आईनंच सांगितलं होतं. लोकांना कळलं तर पोरीचं लग्न व्हायचं नाही." सांगितलं असेल. आईवरही राग आहे माझा. रोज तिच्या फोटोला फूल वाहते आणि रोज रागावते. पण ती गेल्यावर तिनं सांगितलेलं संपलं. माझं लग्न झालं. त्यानंतर तुझं तोंड कोणी शिवलं होतं? का तेही तूच शिवलंस?

आणि आता तेच खारूला. तेवीस वर्षांची पोर. आम्हाला मूल नाही, शाळेच्या प्रत्येक सुट्टीत ती माझ्याकडे असायची. चिंध्या गोळा करून खिशात कोंबायची म्हणून हे तिला खारू म्हणायला लागले आणि घरभर तेच नाव झालं. तिला तू काय सांगितलंस? "आत्याला साधी गाठ होती, काढली." मला माझ्या अंगाचा खोटा हिशेब दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागतो.

तुझी धाकटी

२ फेब्रुवारी

दादास,

तुझं उत्तर नाही. नको देऊस. मी लिहीतच राहणार.

काल यांच्यावर कप फेकला. फुटका होता, पण फेकला. न्हाणीघरातल्या आरशावर यांनी टॉवेल टाकला होता. मला वाईट वाटू नये म्हणून! मी टॉवेल ओढून काढला. म्हटलं, "तुम्हीही झाकायला लागलात? माझ्या माहेरी एक शिंपी आहे तेवढा पुरे." यांनी टॉवेल उचलून घडी घातली. त्या शांतपणानं मला आणखी चेव आला. म्हटलं, "बघा ना इकडे. बघवत नाही म्हणूनच टाकलात ना टॉवेल?"

तेव्हा हे बघत राहिले. लाल, वाकडेतिकडे दोन व्रण, आणि मधे माझं मंगळसूत्र लोंबतंय. म्हणाले, "बघतो की. रोज मीच धुतो." आणि न्हाणीघरात जाऊन कडी लावली.

आतून नळाचा आवाज. दादा, हा माणूस पाणीखात्यातला. वरच्या मजल्यावर थेंब गळला तरी अंथरुणातून उठून पाना घेऊन जाणारा. दात घासताना मी नळ उघडा ठेवला म्हणून लग्नाच्या पहिल्या वर्षी माझ्याशी अबोला धरला होता. आणि काल तो नळ वाहत होता, वाहतच होता. बादली भरून सांडल्याचा आवाज आला तरी वाहत होता. मला आवाज ऐकू येऊ नये म्हणून.

मी दाराबाहेर उभी राहिले. हे बाहेर आले तेव्हा डोळे पुसलेले. म्हटलं, "पाणी किती वाया घालवलंत." म्हणाले, "बिल येईल ते येऊ दे."

अशा माणसाला तू जिन्यात काय बोललास ते आठव.

रोज सकाळी मला भिंतीसमोर उभं करतात. बोटं भिंतीवर चालवत हात वर न्यायचा व्यायाम आहे. जिथवर बोट पोचतं तिथे हे पेन्सिलीनं रेघ मारतात. "आज पातळी चढली." भिंतीचा रंग खराब होतो म्हणून मी ओरडते, पण रेघा पुसत नाही. कपाळापर्यंत आली आहे.

कप फुटल्यावर काल रात्री आमचं पुन्हा तेच झालं. हे म्हणाले, "शपथ तू घेतलीस, मी नाही. मी सांगतो खारूला." मी नाही म्हटलं. माझ्या नवऱ्याच्या तोंडून मोडली तरी ती मीच मोडली. मी देवाला फसवणारी बाई नाही, तो माझ्या आधी जागा असतो. हे चिडले. यांना चिडलेलं मी फार वेळा पाहिलेलं नाही. "मग त्या पोरीनं काय करायचं? तुझा देव तिची तपासणी करणार?"  याचं उत्तर तू द्यायचं आहेस.

नीट वाच, पुन्हा सांगणार नाही. तू फोनवर म्हणालास, "हे बायकांचं दुखणं, माझा काय संबंध?" तुझा संबंध आहे. आईचं रक्त जसं माझ्यात तसं तुझ्यात. दोष तुझ्यात असेल तर खारूत असू शकतो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, आधी भावाचं रक्त तपासा. त्याचं साफ निघालं तर आमच्याकडून पोरीला काही भीती नाही, तिला सुई टोचायचीही गरज नाही. एक सुई दादा. तू जन्मभर सुईवर जेवलास.

मला शपथेत बांधून तू मोकळा फिरतोस. खारूचं लग्न ठरलंय त्या घरात कळेल म्हणून भितोस ना? माझ्या सासरच्यांना कळलं असतं तर त्यांनीही कदाचित नकार दिला असता. आणि हे मला मिळाले नसते, असं तू म्हणशील. मी तेही मनात धरून पाहिलंय. पण यांनी नकार दिला नसता. भिंतीवरच्या रेघा बघ आणि मग बोल.

तुझी धाकटी

१६ फेब्रुवारी

दादास,

काल खारू आली होती. तुला सांगून आली की न सांगता, ते तुमचं तुम्ही बघा.

दारातून आत येताच तिनं पर्स ठेवली आणि गळ्यात टेप अडकवली. थेट तुझी चाल. म्हणाली, "आत्या, उभी राहा. माप घ्यायचंय."

"कसलं माप?"

"तुझं. बाबांनी जुन्या मापावर शिवलं. गिऱ्हाईक समोर नसताना शिवलेलं कधी बसतं का?"

मी म्हटलं, "तुला कोणी सांगितलं ते परत आलं म्हणून?"

"परत आलं तेव्हा काउंटरवर मीच होते. आणि कापूस मीच भरला होता, आत्या. बाबांच्या बोटांना हल्ली बारीक काम होत नाही."

मी खुर्चीत बसले. दादा, मला जे सांगायचं नव्हतं ते तू स्वतः तिच्या हातात दिलंस! तिच्याच शब्दांत ऐक.

"बाबा म्हणाले, मध्ये आडवा टाका घाल, नाहीतर धुतल्यावर कापूस गोळा होऊन खाली उतरतो. आणि डावीकडे जास्त घट्ट भर, बाई डाव्या काखेत पिशवी धरते, तिथे दबतो. मी म्हटलं, बाबा, आत्याचं तर आत्ता झालं. धुतल्यावर काय होतं हे तुम्ही कुणाच्या वेळी शिकलात? तर म्हणे, चहा घेऊन येतो. दुकानात थर्मास भरलेला होता, आत्या!"

मला हसू फुटलं आणि टाके दुखले. मग हसू थांबलं.

ती माझ्या पायाशी बसली. "कोणासाठी शिवला होता?"

मी म्हटलं, "मी शपथेवर आहे, बाळा. तुझ्या बापाला विचार."

"विचारलं. ते चहाच घेतायत." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "बरं, तू बोलू नकोस. मी बोलते. चूक असेल तिथे नाही म्हण."

स्वयंपाकघरात हे भांडी घासत होते. तो आवाज बंद झाला.

"आजीला पोटाचा विकार नव्हता."

मी गप्प.

"मावशीआजीला झालं तेच आजीला होतं."

मी देवाकडे बघत राहिले. तसबिरीवर हात ठेवून मी न बोलण्याची शपथ घेतली होती. खोटं बोलण्याची घेतली नव्हती.

"तुला गाठ नव्हतीच."

हे माझ्या अंगाचं होतं, शपथेत नव्हतं. मी म्हटलं, "नव्हती. व्हायच्या आधीच काढून टाकलं."

"म्हणजे घराण्यातून येतं. बाबांच्यातही असेल."

मी गप्प.

"आणि माझ्यात."

दादा, इथे मला नाही म्हणायचं होतं. जन्मात कधी एवढा मोह झाला नव्हता. एक अक्षर, दोन अक्षरं, आणि ती उठून हसत घरी गेली असती, लग्नाच्या खरेदीला लागली असती. त्या क्षणी मला कळलं की तू इतकी वर्षं काय करत होतास. तेवढ्यापुरतं कळलं. माफ केलं असं समजू नकोस. कारण मी नाही म्हटलं नाही.

आतून हे तीन कप चहा घेऊन आले. तिन्हीत साखर नव्हती. तिघांनी तसाच प्यायला.

मग खारू म्हणाली, "माझं ज्याच्याशी ठरलंय त्याला मी सांगणार. त्याला पचलं नाही तर लग्नाआधी कळलेलं बरं." यांनी मान हलवली. म्हणाले, "लाइन टाकायच्या आधीच दाब बघावा." ती फिस्सकन हसली आणि मग यांच्या खांद्याला डोकं लावून खूप रडली. हे वाटेत उभे असलेल्या खांबासारखे उभे राहिले, हात कुठे ठेवावा ते यांना अजून कळत नाही.

रडून झाल्यावर नाक पुसलं, मला दिव्याखाली उभं केलं आणि माप घेतलं. मी डोळे मिटून घेतले होते. तिचा हात कुठे अडला नाही, कुठे घाईनं सरकला नाही. खांदा, पाठ, छाती, कंबर. आकडे लिहिले आणि म्हणाली, "सरळ आहे. बेतायला सोपं." माझ्या या अंगाबद्दल आजवर कोणी इतकं साधं बोललं नव्हतं. निळं कापड तिनं तुझ्या दुकानातून उचलून आणलंय. त्याचाच शिवणार आहे, आत काही न भरता. शिलाई किती देऊ म्हणून विचारलं तर म्हणाली, "उसवणावळ आधी दे."

ती रात्री माझ्याकडेच राहिली. सकाळी मला भिंतीसमोर उभं केलं आणि माझं बोट जिथे पोचलं तिथे तिनं रेघ मारली. केसांच्या वर गेली आहे. यांच्या पेन्सिलीची नाही, तुझ्या दुकानातल्या खडूची.

शपथ मी पाळली. तू घातलेली होती ती निस्तरून झाली. आता मी तुला उलट शपथ घालणार नाही, तसबिरीला पुरे झालं या घरात. नुसतं सांगते.

सोमवारी सकाळी नऊ वाजता आपल्याच त्या दवाखान्यात, तळमजल्यावर, रक्त घेतात तिथे, खारू आणि हे बाकावर बसलेले असतील. मीही असेन, नळ्या निघाल्यापासून पहिल्यांदाच घराबाहेर पडते आहे. डॉक्टरीणबाईंनी खारूला सांगितलंय, "वडील आले तर आधी त्यांचं घेऊ, ते साफ निघालं तर तुझं घ्यायचीही गरज नाही. न आले तर तुझं घेऊ." खारू म्हणाली, "येतील." मी काही बोलले नाही. तिला चूक असेल तिथेच नाही म्हणायची सवय लागली आहे मला.

यांनी तुझ्यासाठी बाकावर जागा धरून ठेवायची म्हणून सांगितलंय. जिन्यातलं ते विसरलेत. मी विसरलेले नाही.

उपाशी यायची गरज नाही, मी विचारून घेतलंय. खाऊन ये. आणि तुझ्या सदऱ्यांच्या बाह्या मनगटाला घट्ट असतात, वर सरकत नाहीत. अर्ध्या बाहीचा घालून ये.

तुझी धाकटी